मारवाडी घोड्यात नेमकं काय निवडायचं?

सारंगखेड्याच्या बाजारात मारवाडी घोड्याचा सौदा सुरू झाला की सर्वांत आधी टेप निघते. ६४, ६५, ६६... इंच पुकारले जातात आणि इंचागणिक भाव चढतो. मग कान. दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात की नाही? मग रंग, मग अंगावरच्या केसांचे भोवरे. घोडा चालवून बघायची पाळी येते तोवर गिऱ्हाइकाचं मन निम्म्याहून अधिक ठरलेलं असतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत हा बाजार भरतो. दत्तजयंतीच्या सुमारास राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरातहून घोडे येतात. गंमत पाहायला जाणाऱ्याला तिथे घोडे दिसतात, नाच दिसतो. पण तिथे आणखी एक गोष्ट चाललेली असते. गिऱ्हाईक जे बघून पैसे मोजतं, तेच बघून पैदास करणारा आपली घोडी भरवतो, कारण शिंगरू त्याला याच बाजारात विकायचं असतं. त्यामुळे मारवाडी घोडा पुढे कसा दिसणार, हे पुष्कळसं त्या टेपेपाशीच ठरतं. ते ठरतं कसं, आणि त्यात काय सुटतं, ते नीट समजून घेऊ.

पैदाशीचं उद्दिष्ट म्हणजे आणखी दहा-वीस वर्षांनी या जातीचा घोडा कसा असायला हवा, याचं उत्तर. निवडीचा गुण म्हणजे तिथवर पोचण्यासाठी आज, समोर उभ्या असलेल्या घोड्यात आपण काय बघतो ते. ‘म्हातारपणापर्यंत पाय शाबूत राहावेत’ हे उद्दिष्ट झालं. पण घोडा म्हातारा होईपर्यंत पैदाशीसाठी थांबणार कोण? म्हणून खुरांची ठेवण, सांध्यांचे कोन, नळीच्या हाडाची जाडी, एक्स-रे असे गुण तरुण वयातच बघायचे आणि त्यावरून अंदाज बांधायचा. उद्दिष्ट मनाशी नसेल तर गुण आपोआप त्याची जागा घेतात. उंची हा मुळात एक गुण. आज बऱ्याच तबेल्यांत तेच उद्दिष्ट होऊन बसलंय.

जुन्या काळी मारवाडी घोड्याचं उद्दिष्ट कागदावर नव्हतं, पण पक्कं होतं. मारवाडच्या, म्हणजे जोधपूरकडच्या, राठोड राजांना लढाईत नेता येईल असा घोडा हवा होता. पायाखाली वाळू, डोक्यावर ऊन, चारा-पाणी बेताचं. दिवसभर स्वार घेऊन चालायचं आणि गोंगाटात बिथरायचं नाही. यात जो टिकला नाही त्याचा वंश पुढे जात नव्हता. निवड माणूस करत होता, तशी परिस्थितीही करत होती. घोडदळं गेली, पुढे जहागिऱ्या गेल्या, आणि हा घोडा एकाएकी बिनकामाचा झाला. कुणी ओझ्याला जुंपला, कुणी विकून टाकला. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह आणि नंतर त्यांचे नातू गजसिंह यांनी चांगली जनावरं राखून जात सावरली. जात वाचली, पण तिचं काम परत आलं नाही. आता तिच्या वाट्याला वरात, नाच, प्रदर्शन आणि हौस आहे. थोडीफार सफारी आणि लांब पल्ल्याच्या शर्यती. म्हणजे वाळूत कोण टिकतं हे तपासणारी परिस्थितीच उरली नाही. उरलं ते गिऱ्हाईक.

आता उंचीचं गणित. कोणताही गुण आईबापांकडून पोरात किती उतरतो, याला आनुवंशिकता म्हणतात आणि ती शून्य ते एक यांच्यामध्ये मोजतात. समजा तुमच्या कळपाची सरासरी उंची ६० इंच आहे. त्यातून तुम्ही पैदाशीला अशी जोडी निवडली की दोघांची सरासरी ६४ भरते. फरक चार इंचांचा. उंचीची आनुवंशिकता घोड्यांमध्ये बरीच असते, हिशेबापुरती ०.५ धरू. मग शिंगरांची अपेक्षित सरासरी ६२, चारांतले दोन इंच पदरात पडले. बाकीचे दोन इंच कुठे गेले? ते त्या जोडीला मिळालेल्या खुराकामुळे, सांभाळामुळे आणि नशिबामुळे होते, रक्तात नव्हते. म्हणून ६६ इंची वळू, म्हणजे पैदाशीचा नर, लावूनही ६२ इंची शिंगरू निघालं तर कुणी फसवलं असं समजायचं कारण नाही.

हेच प्रजननक्षमतेला लावून बघा. घोडी किती सहज गाभण राहते, या गुणाची आनुवंशिकता फार कमी, ०.१ किंवा त्याहूनही खाली असते. तितकीच कडक निवड करा, फरकाचा दहावा हिस्सा हाती लागेल. त्यामुळे उंची डोळ्यांदेखत वाढताना दिसते आणि बाकीचं काही केल्या हलत नाही. माणूस मग जे हलतं त्याच्याच मागे लागतो. टेपेला दोष देऊन उपयोग नाही, ती स्वस्त आहे, चटकन निकाल देते आणि तिच्याशी हुज्जत घालता येत नाही.

घोड्यांच्या जातीजातींतल्या आकाराच्या फरकामागे मोजकीच जनुकं मोठा भार उचलतात, हे २०१२ च्या एका संशोधनात दिसून आलं. गुणसूत्रांवरच्या फक्त चार ठिकाणांनी बहुतांश फरक समजावता आला. म्हणून थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या उंच परदेशी जातीचा, वळू लावला की एका पिढीत उंची मिळते. हा मोह सगळ्यांना माहीत आहे आणि तो चोरून केलाही जातो. पण त्याबरोबर कान सरळ होतात, चाल बदलते, आणि कागदावर मारवाडी लिहिलेलं जनावर मारवाडी राहत नाही.

उंचीची किंमतही असते. अंगाने मोठ्या जनावराला वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ कमी पडतं, म्हणून उष्णता बाहेर टाकणं जड जातं. चारा जास्त लागतो. उंच घोड्यांमध्ये स्वरयंत्राची एक बाजू लुळी पडून धावताना घरघर लागण्याचा आजार जास्त आढळतो, आणि उंची वाढवणाऱ्या जनुकांच्याच आसपास त्याचा धागा सापडला आहे. मारवाडी घोडा परंपरेने साधारण १४.२ ते १५.२ हात, म्हणजे ५८ ते ६२ इंच, असा सांगितला जातो. घोड्याचा हात चार इंचांचा धरतात, आणि टिंबानंतरचा आकडा दशांश नसून इंच असतो. वाळवंटातल्या घोड्याला ती उंची उगाच मिळाली नव्हती.

कानांची गोष्ट वेगळी आहे. आत वळलेले, टोकाशी भिडणारे कान ही मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची ओळखच. काठियावाडीचे तर जरा अधिकच वळलेले. जातीची खूण म्हणून कान बघायलाच हवेत, त्यात वाद नाही. २०१४ मध्ये एका मारवाडी नराच्या सगळ्या जनुकांचं वाचन प्रसिद्ध झालं, तेव्हा टीएसएचझेड-१ नावाच्या जनुकातल्या एका बदलाकडे या कानांचं संभाव्य कारण म्हणून बोट दाखवलं गेलं. त्याच अभ्यासात या घोड्यात अरबी आणि मंगोलियन घोड्यांच्या रक्ताच्या खुणा दिसल्या. माझं म्हणणं एवढंच की कान हा परवाना आहे, गुणपत्रिका नव्हे. कान पुरेसे वळलेले असले की तिथेच थांबावं आणि पुढचं बघावं. आणखी वळवून घोडा आणखी मारवाडी होत नाही.

रंगाचं शास्त्र मात्र आता इतकं स्पष्ट झालंय की त्यात अंधश्रद्धेला जागा राहिलेली नाही, तरी ती आहेच. नुकरा घ्या. गुलाबी कातडी, जवळजवळ पांढरे केस, फिकट डोळे. वरातीला आणि धार्मिक कामांना त्याला मोठी मागणी. असा रंग बहुधा एका फिकटपणा आणणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्या की मिळतो. एकच प्रत आली तर सुरंग, म्हणजे सगळा तांबूस, घोडा सोनेरी होतो आणि कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा पण काळ्या आयाळ-शेपटीचा, घोडा पिवळसर बदामी. दोन सोनेरी घोडे एकमेकांना लावले तर चारांत एक शिंगरू नुकरा, दोन सोनेरी, एक सुरंग असा सरासरी हिशेब पडतो. सगळी नुकरी हवी असतील तर दोन्ही पालक नुकरे घ्या, शंभर टक्के मिळतील. काम इतकं सोपं, म्हणून पैदाशीत रंगाला भाव येतो. पण वळू फक्त रंगावर निवडला तर त्याच्या पायांत, स्वभावात, चालीत जे काही आहे तेही सोबत येतं. आणि गुलाबी कातडीला राजस्थानचं किंवा खानदेशचं ऊन पोळतं, हे मालकाला सांगावं लागत नाही.

दुसरा पांढरा म्हणजे जन्मतः गडद असून वयाबरोबर पांढरा होत जाणारा, ज्याला बऱ्याच ठिकाणी सब्जा म्हणतात. त्यामागे एकच जनुकीय बदल आहे, २००८ मध्ये सापडलेला, आणि जगभरातल्या अशा सगळ्या घोड्यांना तो एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. त्याच बदलामुळे या घोड्यांच्या कातडीत, विशेषतः शेपटीखाली, म्हातारपणी गाठी होण्याचं प्रमाण फार मोठं असतं. सब्जा विकत घेणाऱ्याने शेपूट उचलून बघावी, तो सौदा करण्याचाच भाग आहे.

भोवऱ्यांबद्दल थोडक्यात. गळ्यावरचा देवमण शुभ, डोळ्यांखालचे भोवरे अशुभ, मुश्की म्हणजे काळा घोडा अपशकुनी, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला भाग्याचा. प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्राच्या काळापासून हे चालत आलंय आणि बाजारात त्याला खरोखर पैसे मिळतात. पैसे मिळतात म्हणून पैदास करणाऱ्याने त्याकडे अगदीच दुर्लक्ष करावं असं मी म्हणणार नाही. पण डोळ्यांखाली भोवरा आहे म्हणून उत्तम पायांची, शांत घोडी वंशातून बाद होते, तेव्हा तो तोटा एकट्या मालकाचा राहत नाही.

आणि हे बाद करणं किती महाग पडतं, त्याचा हिशेब कुणी करत नाही. समजा तुम्हाला उंची, कान, रंग आणि चाल, चारही बाबतींत वरच्या दहा टक्क्यांत बसणारा घोडा हवा आहे आणि हे गुण एकमेकांशी बांधलेले नाहीत. असा घोडा दहा हजारांत एक. त्यात भोवरा घाला, शोध आणखी लांबतो. व्यवहारात असा घोडा मिळतच नाही, म्हणून कुठेतरी सूट द्यावी लागते. आणि सूट नेहमी जे मोजलं जात नाही तिथेच दिली जाते. म्हणजे चालीत, पायांत, स्वभावात. जितके गुण वाढवाल तितकी प्रत्येक गुणातली प्रगती मंदावते. चार गुणांना सारखंच महत्त्व दिलं तर प्रत्येकात साधारण निम्मीच प्रगती होते.

मारवाडीची खरी कमाई, माझ्या मते, तिच्या चालीत आहे. रेवाल चालीत घोडा सपाट, जलद चालतो आणि स्वार खोगिरावर जवळपास हलत नाही. पाण्याचा पेला सांडू न देता नेण्याच्या बढाया याच चालीवरून मारल्या जातात. अशी चाल शिकवूनच येते असं नाही. ती रक्तात असते आणि मेहनतीने निखरते. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या गटाने डीएमआरटी-३ या जनुकातला असा एक बदल शोधून काढला की तो घोड्याला नेहमीच्या चालीपलीकडच्या चाली चालू देतो. आइसलँडच्या घोड्यांवर ते काम झालं.

आइसलँडचं उदाहरण इथे मुद्दाम घ्यावंसं वाटतं, कारण त्यांनी उद्दिष्ट कागदावर उतरवलंय. तिथून घोडा एकदा देशाबाहेर गेला की परत येऊ देत नाहीत, बाहेरचा घोडा आत येत नाही. म्हणजे जे आहे त्यातूनच निवडायचं. चार वर्षांपासून पुढच्या घोड्यांची पैदाशीसाठी परीक्षा होते. डोकं, मान आणि खांदा, पाठ, एकूण बांधा, पाय, सांधे, खूर, आयाळ-शेपूट अशा प्रत्येक बाबीला पाच ते दहा यांच्या दरम्यान, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने गुण देतात. मग स्वार बसतो आणि चालींना, स्वभावाला, स्वाराखाली घोडा कसा दिसतो त्याला गुण मिळतात. एकूणात बांध्याचा वाटा ३५ टक्के, स्वारीचा ६५. रंगाला गुण नाहीत, कोणताही चालतो. वळू पाच वर्षांचा झाला की परीक्षेला आणण्यापूर्वी मागच्या पायांच्या सांध्यांचा एक्स-रे बंधनकारक आहे.

त्या गुणांवरून नुसता तो घोडा जोखत नाहीत. त्याचे आईबाप, भावंडं, आणि मुख्य म्हणजे त्याची पिल्लं, या सगळ्यांचे गुण एकत्र करून एक आकडा काढतात, ज्यात सरासरी घोडा १०० वर असतो. घोडा मैदानात दिमाखदार होता, पण त्याची वीस पिल्लं बेताची निघाली, तर त्याचा आकडा खाली येतो. आपल्याकडे प्रदर्शनातला विजेता वळू वर्षानुवर्षं विजेताच राहतो, त्याची पिल्लं कशी निघाली याची नोंद कुणाच्या वहीत असते?

इथे एक व्यावहारिक अडचणही आहे. घोडी अकरा महिने गाभण असते, एका वेळी एकच शिंगरू देते. तिला स्वाराखाली पारखायला तीन-चार वर्षं जातात. एक पिढी पुढे सरकायला आठ-दहा वर्षं. एक घोडी आयुष्यात मोजकी शिंगरं देईल, पण वळू शेकडो. म्हणून निवडीचा सगळा जोर वळूवर पडतो, आणि चूकही वळूतूनच पसरते.

अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स जातीत १९६९ साली इम्प्रेसिव्ह नावाचा नर जन्मला. अंगावर असे स्नायू की उभं करून दाखवायच्या स्पर्धांत त्याच्यासमोर कुणी टिकेना. साहजिकच लोकांनी त्याच्याकडे घोड्यांची रांग लावली. पुढे त्याच्या वंशात एक आजार दिसू लागला. रक्तातलं पोटॅशियम वाढून अंग थरथरतं, घोडा लुळा पडतो, कधी तडकाफडकी मरतो. मूळ होतं स्नायूंच्या पेशींतल्या सोडियमच्या मार्गात बिघाड करणाऱ्या एका जनुकीय बदलात, आणि त्याची एक प्रतही पुरेशी होती. त्या जातीच्या नोंदणी संघटनेने २००७ पासून जन्मलेल्या शिंगरांपैकी दोन्ही प्रती असलेल्यांची नोंदणी बंद केली. तोवर हजारो वंशज झाले होते. लोक डोळ्यांनी जे निवडत होते, त्याच्याच पाठोपाठ आजारही निवडला जात होता.

आपल्याकडे दुसरा धोका नात्यातल्या जोड्यांचा. एका गाजलेल्या वळूच्या मुलींना त्याचाच मुलगा लावला, म्हणजे सावत्र बहीण-भावाची जोडी, तर शिंगराच्या दर आठ जनुक-जोड्यांपैकी सरासरी एकीत दोन्ही प्रती त्याच आजोबाकडून आलेल्या, हुबेहूब सारख्या असतात, १२.५ टक्के. बापाला मुलगी लावली तर २५ टक्के. त्यातून दडलेले दोष वर येतात आणि घोडी लागण्याचं प्रमाण घसरतं. घोड्यांची संख्या आधीच घटतेय. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होते, २०१९ मध्ये ते साडेतीन लाखांच्याही आत आले.

महाराष्ट्रात उलटं उदाहरणही आहे. भीमा खोऱ्यातला भीमथडी घोडा, ज्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. हा लहानसर घोडा धनगरांनी जपला. कोकण आणि देश यांच्यात मेंढरं घेऊन फिरताना सगळं बिऱ्हाड, कोकरं, लहान पोरं याच्या पाठीवर असतात. त्याची उंची कुणी टेपेने मोजत नाही. दगडा-धोंड्यात पाय टिकले पाहिजेत, ओझं घेऊन गप्प चाललं पाहिजे, वाटेवर मिळेल ते खाऊन दिवस काढले पाहिजेत. जो हे करत नाही त्याला पुढच्या मोसमात कोण घेऊन जाणार? मारवाडीचं जे काम हरवलं तशाच प्रकारचं काम भीमथडीला अजून आहे. आता मान्यता मिळाली, उद्या प्रदर्शनं होतील, कुणी बक्षीस लावेल. ते बक्षीस कशाला लावायचं, हे आत्ताच ठरवलेलं बरं.

एक-दोन घोड्या असणाऱ्याने काय करावं? सर्वांत आधी दोनच गोष्टी ठरवाव्यात. उदाहरणार्थ पाय आणि चाल. उंची-कान-रंगाला किमान मर्यादा घालून द्यावी: अमुक इंचाखाली नको, कान भिडलेले असावेत, बस. त्या मर्यादेच्या वर किती, याला गुण देऊ नयेत. वळू बघायला जाताना त्याच्या मालकाला त्याची पिल्लं कुठे आहेत ते विचारावं आणि ती तीन-चार वर्षांची झालेली बघावीत. शिंगरू असताना सगळीच गोड दिसतात. आपल्या घोडीचा जो दोष आहे, तो वळूत नसावा हे पाहावं. दोघांचे मागचे पाय आत वळत असतील तर रंग कितीही जुळो, सौदा सोडून द्यावा. आणि एक वही करावी: नोंदणी क्रमांक, चिप, जन्मतारीख, तिसऱ्या वर्षीची उंची, पहिल्यांदा खोगीर घातलं तेव्हा जनावर कसं वागलं, रेवाल कितव्या महिन्यात निघाली, कधी लंगडलं. फोनवर सपाट जमिनीवरच्या चालीचा बाजूने काढलेला व्हिडिओ दरवर्षी एक पुरतो. पुढचा वळू निवडताना त्या वहीतली पानं आणि व्हिडिओ समोर ठेवावेत, टेप सगळ्यात शेवटी काढावी.